कापसाची वाट आणि महानगर

यवतमाळ जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मध्ये पसरलेल्या या प्रदेशात काळी, कसदार जमीन पुष्कळ आहे. मृगाचा पाऊस पडला की शेतकरी पेरणीला लागतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटून शेते पांढरी दिसू लागतात. मग वेचणी सुरू होते. वेचलेला कापूस पूर्वी बैलबंड्यांतून बाजाराच्या गावी जाई. आता तो ट्रॅक्टर व मालमोटारी यांतून जातो. तेथे जिनिंगच्या कारखान्यात सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी होते. साधारणपणे तीन क्विंटल कापसातून एक क्विंटल रुई निघते. ती दाबून तिच्या गाठी बांधतात. एक गाठ आज १७० किलोग्रॅम वजनाची धरली जाते.

मुलांनो, या गाठीचे पुढे काय होते? शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याचे उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळाले असते : मुंबई! यवतमाळपासून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या या बंदराकडे वऱ्हाडातील कापसाची वाट जात होती. ही वाट कशी तयार झाली आणि तिच्यामुळे मुंबईचे व यवतमाळचे काय झाले, हे पाहिले म्हणजे देशाचा आर्थिक विकास आणि त्यातील सर्वांत मोठे शहर यांचा संबंध आपल्या ध्यानात येईल.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले. योगायोग असा, की त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी मुंबईहून ठाण्यास देशातील पहिली प्रवासी आगगाडी गेली. त्यानंतर लोहमार्गाने सह्याद्री ओलांडण्याचे अवघड काम सुरू झाले. १८६५ मध्ये थळ घाटातून गाडी वर चढली आणि १८६७ मध्ये वऱ्हाड पार करून ती नागपुरास पोहोचली. याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. इंग्लंडातील गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. कापसाचे भाव भराभर चढले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला व मुंबईहून युरोपास जाण्याचा जलमार्ग जवळचा झाला.

यवतमाळ मात्र मुंबई-नागपूर या मुख्य लोहमार्गापासून बाजूलाच राहिले. तेथील कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात मूर्तिजापूर ते यवतमाळ असा सुमारे ११३ किलोमीटर लांबीचा नॅरोगेज लोहमार्ग बांधण्यात आला. त्याची मालकी एका खाजगी इंग्रज कंपनीकडे होती. या मार्गावरील छोट्या गाडीला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. ती गाडी आता बंद झाली आहे. परंतु ज्या हेतूने तिचा मार्ग आखला गेला, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ओढे नदीला मिळावेत आणि नदी सागराला मिळावी, त्याप्रमाणे हे फाटे मुख्य लोहमार्गाला मिळत होते आणि मुख्य लोहमार्ग मुंबईच्या बंदराला मिळत होता. यवतमाळातून पुसद, नांदेड या शेजारच्या गावांकडे जाण्यास मात्र असा लोहमार्ग नव्हता. माल दूरच्या बंदराकडे लवकर जावा, हा त्या रचनेचा उद्देश होता. जिल्ह्याजिल्ह्यांत देवघेव वाढावी, हा नव्हता.

आता मुंबईकडे वळू. बंदरात कापूस आला, तेव्हा तेथे नुसती गोदामेच उभी राहिली नाहीत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीसाठी कंपनी स्थापन केली होती. तिच्यामागून एकेक करीत गिरण्या उभ्या राहिल्या आणि परळ, लालबाग, वरळी हा भाग ‘गिरणगाव’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणातून व घाटावरून हजारो माणसे तेथे कामास आली. गिरण्यांना यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर लागले, रंग लागले, पैशाची देवघेव करणाऱ्या पेढ्या लागल्या. कामगारांना घरे, दुकाने, खानावळी, शाळा व दवाखाने लागले. १९१५ मध्ये खोपोली येथील पाण्याच्या बळावर निर्माण केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. अशा रीतीने एक उद्योग दुसऱ्याला बोलावीत गेला आणि दुसरा तिसऱ्याला. जेथे कारखाने, तेथे कुशल माणसे. जेथे कुशल माणसे, तेथे नवे कारखाने! शहर एकदा या फेऱ्यात सापडले, म्हणजे ते वेगाने वाढतच जाते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कापूस पिकविणाऱ्यास कापसाचा भाव मिळतो. परंतु त्याच कापसाची रुई झाली, रुईचे सूत झाले, सुताचे कापड झाले, कापड रंगले आणि त्याचा सदरा शिवला गेला, म्हणजे प्रत्येक पायरीवर त्याची किंमत वाढते. ही वाढलेली किंमत म्हणजे कोणाची तरी मजुरी, कोणाचा तरी पगार आणि कोणाचा तरी नफा असतो. या पायऱ्या ज्या गावी असतात, त्या गावी पैसा खेळू लागतो. यवतमाळच्या वाट्यास बहुतेक पहिल्या दोन-तीन पायऱ्या आल्या. पुढच्या पायऱ्या दूर राहिल्या. पाऊस रुसला किंवा भाव पडला, तर कोरडवाहू शेतकऱ्याला आधार देईल असा दुसरा उद्योग जवळपास नसे. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या किती तरी शेतकरी कुटुंबांनी या जिल्ह्यात फार मोठे दुःख सोसले आहे. त्या दुःखाची कारणे अनेक आहेत. पिकाची वाढलेली किंमत पिकविणाऱ्यापासून दूर जाते, हे त्यांपैकी एक आहे.

देशातील एकच शहर इतर सर्व शहरांना मागे टाकून फार मोठे होते, असे जगात पुष्कळ ठिकाणी दिसते. मार्क जेफरसन या अमेरिकन भूगोलज्ञाने १९३९ मध्ये या गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्याने दाखवून दिले, की अनेक देशांत पहिल्या क्रमांकाचे शहर दुसऱ्या क्रमांकाच्या शहराच्या दुपटीहूनही मोठे असते. आणि केवळ लोकसंख्येनेच नव्हे, तर संपत्ती, विद्या आणि सत्ता यांतही ते वरचढ असते. अशा शहराला आपण ‘अग्रनगर’ म्हणू. थायलंडातील बँकॉक हे अग्रनगराचे ठळक उदाहरण आहे. ते त्या देशातील दुसऱ्या कोणत्याही शहरापेक्षा कित्येक पटींनी मोठे आहे.

आपल्या भारताला एकच अग्रनगर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार उपनगरांसह मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८४ लाख, दिल्लीची १ कोटी ६३ लाख आणि कोलकात्याची १ कोटी ४१ लाख होती. देश विशाल आहे, भाषा व प्रांत अनेक आहेत. म्हणून एकच शहर सर्वांवर छाया धरू शकत नाही. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर मात्र चित्र बदलते. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. पुणे शहराची ३१ लाख आणि नागपूर शहराची २४ लाख. म्हणजे पहिले शहर दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट होते! राज्यातील दर नऊ माणसांपैकी एक माणूस बृहन्मुंबईत राहत होता. संपूर्ण यवतमाळ जिल्ह्यात मिळून सुमारे २७ लाख ७२ हजार लोक होते आणि यवतमाळ शहरात सुमारे १ लाख १६ हजार. यवतमाळसारखी शंभर शहरे एकत्र केली, तरी बृहन्मुंबईची बरोबरी झाली नसती.

मग असे मोठे शहर असणे चांगले की वाईट? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. देश गरीब असतो, तेव्हा भांडवल थोडे असते, वीज थोडी असते, चांगले रस्ते व शिकलेली माणसेही थोडी असतात. हे थोडके धन सर्वत्र शिंपडले, तर कोठेच ओल धरत नाही. ते एका ठिकाणी आले, तर तेथे उद्योगांना एकमेकांचा आधार मिळतो. म्हणून विकासाच्या आरंभी एखादे शहर पुढे जाते, यात नवल नाही. जेफ्री विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये असे मत मांडले, की विकास सुरू झाला म्हणजे देशातील पुढारलेल्या व मागासलेल्या प्रदेशांमधील अंतर प्रथम वाढते, काही काळ तसेच राहते आणि देश पुरेसा संपन्न झाल्यावर कमी होऊ लागते. एखादा घाट चढून मग उतरावा, तसा हा प्रवास आहे. अग्रनगरांच्या बाबतीतही पुढे काही अभ्यासकांना असेच दिसून आले.

हा उतार कसा सुरू होतो? शहर फार वाढले, म्हणजे जागा महाग होते. घरे मिळत नाहीत, गाड्यांत पाय ठेवण्यास जागा उरत नाही, पाण्याची ओढाताण होते. दुसरीकडे इतर गावांत रस्ते, वीज व शाळा पोहोचलेल्या असतात. मग कारखानदार विचार करतो, की एवढ्या महाग जागेत कारखाना ठेवण्यापेक्षा बाहेर का जाऊ नये? मुंबईत असे घडलेले आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात बहुतेक गिरण्या बंद पडल्या आणि कापडाचा धंदा भिवंडी, इचलकरंजी अशा गावांच्या यंत्रमागांवर वाढला. इतर कारखाने ठाणे, पुणे, नाशिक या बाजूंना गेले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांपर्यंत उतरली. शेजारच्या ठाणे जिल्ह्याची मात्र ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली.

या आकड्यांकडे बारकाईने पाहा. माणसे व कारखाने मुंबईतून बाहेर पडले, हे खरे. परंतु ते गेले कोठे? बहुतांशी शेजारीच! पाण्यावर तेलाचा थेंब टाकला असता तो जसा स्वतःच्या कडेनेच पसरत जातो, तसा विकास प्रथम जवळच्या प्रदेशात पसरतो. दूरच्या यवतमाळपर्यंत तो आपोआप येत नाही. परदेशांतही हाच अनुभव येतो. दक्षिण कोरियाने १९६८ मध्ये पोहांग येथे पोलादाच्या कारखान्यासाठी कंपनी स्थापन केली, उल्सान येथे जहाजबांधणी वाढविली आणि राजधानी सोल हिच्यापासून दूर नवी औद्योगिक शहरे उभारली. सोल शहराची लोकसंख्या आता एक कोटीच्या खाली आली आहे. तरीही त्या देशातील जवळजवळ निम्मे लोक सोल आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशातच राहतात. तात्पर्य, घाट चढणे जितके सहज होते तितके उतरणे होत नाही. त्यासाठी हेतुपूर्वक प्रयत्न करावे लागतात.

आपल्या राज्यात असे प्रयत्न कोणते झाले? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा मुंबई राजधानी झाली. तत्पूर्वी, १९५६ पर्यंत, विदर्भ हा मध्य प्रदेशाचा भाग होता व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. विदर्भातील लोकांस आपली उपेक्षा होईल अशी भीती वाटू नये, म्हणून १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास भरविण्याचे ठरले होते. १९६२ मध्ये राज्यभर औद्योगिक वसाहती उभारण्यासाठी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण इत्यादी बाबतींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, याचे मोजमाप तिने केले. या मागे राहिलेल्या भागाला ‘अनुशेष’ म्हणतात. जे मोजले जाते, तेच भरून काढता येते. म्हणून या मोजमापाचे महत्त्व मोठे आहे.

या संदर्भात यवतमाळ जिल्ह्याच्या एका सुपुत्राची आठवण होते. पुसद तालुक्यातील गहुली या लहानशा गावी १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक हे १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत १९७० मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले आणि मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवी मुंबई उभारण्याचे काम सुरू झाले. महानगराचा भार हलका करण्याची ही योजना एका खेड्यातून आलेल्या नेत्याच्या काळात आकारास यावी, हे विशेष होय. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमी योजनेला चालना मिळाली. वि. स. पागे हे या योजनेचे शिल्पकार मानले जातात. खेड्यातील माणसाने काम मागितले, तर शासनाने ते द्यावे, असे तिचे तत्त्व आहे. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. तो प्रामुख्याने शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून येतो. म्हणजे मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या पगारातील थोडे पैसे दूरच्या गावातील बंधाऱ्यावर माती टाकणाऱ्या मजुराच्या हाती पोहोचू लागले! मोठे शहर संपन्न असते म्हणूनच हे शक्य होते. तेव्हा शहराला नावे ठेवून भागणार नाही. त्याच्या संपत्तीला खेड्याकडे येण्याची वाट करून दिली पाहिजे.

परंतु केवळ पैसा पाठवून दूरचा जिल्हा उभा राहत नाही. त्याच्या स्वतःच्या ठिकाणी पुढच्या पायऱ्या याव्या लागतात. हे अशक्य नाही. मुंबई हाच कापडाचा गाव असे मानले जात असताना जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपूर येथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, कोळसा जवळ, लोहमार्ग हाताशी. मग गिरणी तेथे का काढू नये, असा त्यांचा विचार होता. तो बरोबर ठरला आणि ती गिरणी पुढे अनेक दशके उत्तम चालली. यवतमाळजवळील लोहारा औद्योगिक वसाहतीत आज डेनिमचे, म्हणजे जाड सुती विजारींचे, कापड तयार होते. १९८९ मध्ये यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्ह्यातील मुलामुलींना घराजवळ डॉक्टर होण्याची सोय झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रुंद लोहमार्ग बांधला जात असून त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. जुना लोहमार्ग कापूस बंदराकडे नेण्यासाठी होता. हा नवा मार्ग विदर्भ आणि मराठवाडा यांना परस्परांशी जोडणारा आहे. दोन्ही मार्गांच्या दिशेत जो फरक आहे, तोच विचारांतही आहे.

अग्रनगर आणि दूरचा जिल्हा हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. वऱ्हाडच्या कापसावाचून मुंबईच्या गिरण्या इतक्या लवकर वाढल्या नसत्या आणि मुंबईच्या बाजारावाचून वऱ्हाडच्या कापसाला इतके मोल आले नसते. परंतु एकाच झाडाची फांदी फार जाड झाली आणि मुळांना पाणी मिळाले नाही, तर ते झाड फार काळ उभे राहत नाही. देशाची खरी प्रगती त्याच्या सर्वांत मोठ्या शहरातील उंच इमारतींवरून मोजता येत नाही. त्या शहरापासून दूर असलेल्या गावातील मुलाला आपले गाव न सोडता शिकता येते काय, आणि शिकल्यावर तेथेच काम मिळते काय, यावरूनच ती मोजावी लागते. ज्याला शहरात जावेसे वाटते, त्याने आनंदाने जावे. परंतु दुसरी वाट नाही म्हणून कोणास जावे लागू नये.

मुलांनो, तुम्ही हे मोजमाप स्वतः करू शकता. तुमच्या गावातून कच्च्या रूपात बाहेर जाणाऱ्या पाच वस्तूंची नावे लिहा. नंतर त्यांच्यापासून तयार होऊन गावात परत येणाऱ्या वस्तू कोणत्या, ते लिहा. या दोहोंच्या मधल्या पायऱ्या कोणत्या गावी घडतात, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा. त्यांपैकी कोणती पायरी तुमच्या तालुक्यात येऊ शकेल आणि त्यासाठी वीज, रस्ता, पाणी व कसब यांपैकी काय कमी आहे, याचा विचार करा.